डीजे, कूझी आणि तुझा रोंडो

कोल्हापूर,
रविवार, रात्र

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तावडे हॉटेलजवळ बस सुटता सुटता तू खिडकीतून ओरडलास, "पप्पा, काय पण म्हणा, रोंडोच!" उत्तर द्यायच्या आत गाडी पुलाकडे वळली. घरी आल्यावर आई म्हणाली, टाका की मेसेज. पण हे मेसेजात मावणारं नाही. तीन दिवस आपण रंकाळ्यावर फिरताना, जेवताना, मिसळीसाठी उभं राहिलो तिथंसुद्धा एकच वाद घातला, की अमेरिकेच्या एनबीए बास्केटबॉल लीगमधल्या बोस्टन सेल्टिक्सच्या आजवरच्या पॉइंट गार्डांत, म्हणजे चेंडू पुढं नेऊन खेळ लावून देणाऱ्यांत, सगळ्यांत मोठा कोण. तुझा रोंडो, माझा डेनिस जॉन्सन, म्हणजे डीजे. तू मोबाइल काढून आकडे दाखवायला लागतोस आणि माझं बोलणं अर्ध्यावर राहतं. म्हणून आज कागद घेतला.

आधी तुझ्या रोंडोचं. तो तुझ्या मनात कधी बसला ते मला पक्कं ठाऊक आहे. ३१ मे २०१२ ची सकाळ. सुट्टीचे दिवस, तू दहा वर्षांचा. मायामीत ईस्टर्न कॉन्फरन्स फायनलची दुसरी मॅच, आपल्याकडे सकाळचे सहा वाजलेले. रोंडो त्या दिवशी एक मिनिटही बाहेर बसला नाही, ओव्हरटाइम धरून पूर्ण ५३ मिनिटं खेळला. ४४ पॉइंट, १० असिस्ट, म्हणजे दुसऱ्याला बास्केट करून देणारे पास, आणि ८ रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटचे पकडलेले चेंडू. फ्री थ्रो, म्हणजे फाऊलनंतर मिळणारा मोकळा शॉट, ही त्याची कायमची दुखरी नस, पण त्या सकाळी बारापैकी दहा. ओव्हरटाइममध्ये बास्केटकडे जाताना त्याच्या तोंडावर हात बसला, शिट्टी वाजली नाही आणि ११५-१११ नं मॅच गेली. तू उशीत तोंड खुपसून रडलास. आईनं केलेले पोहे दुपारपर्यंत तसेच पडून होते.

म्हणून मी रोंडोला कधीच हलक्यात घेत नाही. २०१० मध्ये क्लीव्हलँडविरुद्ध प्लेऑफच्या चौथ्या मॅचमध्ये त्यानं २९ पॉइंट, १८ रिबाउंड आणि १३ असिस्ट केले. सहा फूट एक इंचाचा माणूस उंचापुऱ्या गड्यांच्या गर्दीतून अठरा रिबाउंड काढतो, हे मी दुसऱ्या कुठल्या पॉइंट गार्डकडून पाहिलेलं नाही. २०११ मध्ये मायामीविरुद्ध डावा कोपरा निखळला, तरी चौथ्या क्वार्टरला परत येऊन एका हातानं खेळला आणि ती मॅच जिंकून दिली. २०१२ आणि २०१३, लागोपाठ दोन सीझन असिस्टमध्ये लीगमध्ये पहिला. हे सगळं मान्य.

पण तू सगळं मोजतोस ते चेंडू हातात असतानाचं. माझं भांडण एवढ्यावरच आहे.

आता कूझी. आमच्या सरांकडे एक जुनं इंग्रजी मासिक होतं, पानं पिवळी पडलेली. त्यात बॉब कूझीचा पाठीमागून चेंडू फिरवतानाचा फोटो होता. सिमेंटच्या कोर्टवर आम्ही पोरं तो फोटो समोर ठेवून तसं करून बघायचो. चेंडू दहा वेळा गटारीत जायचा, एकदा हाताला लागायचा. लहानपणी झाडावरून पडून त्याचा उजवा हात मोडला, म्हणून तो डाव्या हातानं खेळायला शिकला. सरांनी हे सांगितल्यावर मी आठवडाभर उजवा हात खिशात घालून सराव केला होता.

गंमत बघ, १९५० मध्ये बोस्टनला तो नकोच होता. प्रशिक्षक रेड ऑरबाख यांनी ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडताना, त्याला सोडून दुसरा खेळाडू घेतला. पुढं शिकागोचा संघ बंद पडला, तीन खेळाडूंच्या नावांच्या चिठ्ठ्या हॅटमध्ये टाकल्या आणि बोस्टनच्या वाट्याला कूझीची चिठ्ठी आली. त्या चिठ्ठीतून निघालेला माणूस लागोपाठ आठ सीझन असिस्टमध्ये लीगमध्ये पहिला राहिला. १९५७ चा मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर तोच. १९५३ च्या प्लेऑफमध्ये सिराक्यूजविरुद्ध चार ओव्हरटाइम झाले, त्यात त्याचे ५० पॉइंट, त्यातले ३० फ्री थ्रोचे. तेव्हा २४ सेकंदांच्या आत शॉट मारायलाच लावणारं घड्याळ नव्हतं. चेंडू दाबून धरायचा, समोरच्यानं फाऊल करायचा, असा खेळ चालायचा. ते घड्याळ १९५४ ला आलं, खेळ पळायला लागला आणि त्या पळत्या खेळाला कूझीनं वळण लावलं. बघितल्याशिवाय पास, पाठीमागून ड्रिबल, हे आज आपल्या पेठेतलं शेंबडं पोरगंसुद्धा करतं, पण त्याची वाट त्यानं पाडली.

तू म्हणालास, "बिल रसेल येईपर्यंत त्याला एक तरी टायटल मिळालं का?" रसेल म्हणजे सेल्टिक्सचा तो उंच सेंटर. नाही मिळालं. रसेल १९५६ च्या डिसेंबरात आला आणि १९५७ ला पहिलं विजेतेपद. कूझीची सहाच्या सहा विजेतेपदं रसेलबरोबरची. उलट १९६३ ला कूझी निवृत्त झाल्यावर त्याच्या जागी के. सी. जोन्स आला आणि बोस्टन पुढची तीन वर्षंही जिंकलंच. तुझा हा मुद्दा मला रात्रभर टोचत होता. म्हणूनच मी कूझीला एक नंबर देत नाही. त्याच्याशिवाय हा खेळ आज दिसतो तसा दिसला नसता, पण त्याच्याशिवाय संघ जिंकत राहिला.

के. सी. जोन्सचे आकडे बघून तू हसलास, ते मात्र मला आवडलं नाही. नऊ सीझन, आठ विजेतेपदं. पॉइंट फार नाहीत, कारण त्याचं काम समोरच्या पॉइंट गार्डचा श्वास कोंडण्याचं होतं. तालमीत तुझे आजोबा नव्या पोरांना सांगायचे, जोडीदाराच्या हाताकडं बघू नको, कमरेकडं बघ. हात फसवतो, कंबर फसवत नाही. के. सी. तसा खेळायचा. अशा माणसाची नोंद स्कोअरशीटवर होत नाही, आणि खासबागेत ताबा घेऊन बसलेल्या पैलवानाचेही कुणी पॉइंट मोजत नसतं.

बोस्टनचेच जो जो व्हाइट आणि आर्चिबाल्ड यांच्याबद्दल आपलं एकमत झालंय, म्हणून ते सोडतो. १९७६ च्या फायनलमधली व्हाइटची तीन ओव्हरटाइमची मॅच मात्र सवडीनं पूर्ण बघ, साठ मिनिटं खेळून ३३ पॉइंट आहेत.

तर माझा डेनिस जॉन्सन. सोळा भावंडांतला. शाळा संपल्यावर गोदामात फोर्कलिफ्ट चालवणारा पोरगा. सिएटलकडून १९७८ च्या फायनलच्या सातव्या मॅचमध्ये त्यानं चौदा शॉट मारले आणि चौदाही चुकले. संघ हरला. पुढच्याच वर्षी त्याच दोन संघांची फायनल झाली आणि फायनलचा सर्वोत्तम खेळाडू डेनिस जॉन्सन! बोस्टनला तो १९८३ ला आला. तेव्हा तिथं प्रशिक्षक कोण होते? तोच के. सी. जोन्स. १९८४ च्या फायनलमध्ये लेकर्सनं तिसरी मॅच १३७-१०४ अशी धुतली, तेव्हा के. सी. नं चौथ्या मॅचपासून डीजेला लेकर्सच्या मॅजिक जॉन्सनच्या अंगावर सोडलं. सहा फूट नऊ इंचाच्या मॅजिकसमोर सहा फूट चार इंचाचा डीजे. बोस्टन सात मॅचमध्ये जिंकलं. पुढच्या वर्षी त्याच लेकर्सविरुद्ध चौथ्या मॅचचा शेवटचा शॉट डीजेचा.

आणि २६ मे १९८७. डेट्रॉईट एका पॉइंटनं पुढं, पाच सेकंद बाकी, चेंडू त्यांचा. त्यांच्या आयझाया थॉमसनं बाजूनं आत टाकलेला पास आपल्या लॅरी बर्डनं मधेच उचलला. सगळं जग बर्डची ती चोरी दाखवतं. तू व्हिडिओ थांबवून डीजेला बघ. बर्ड तोल जाऊन रेषेबाहेर पडायच्या बेतात असताना हा माणूस बास्केटच्या दिशेनं पळत सुटलेला आहे. बर्डनं वळून बघितलं तेव्हा पास द्यायला डीजे तिथं होता. पळत पळत, बास्केटजवळून, अवघड कोनातून ले-अप. १०८-१०७. त्या दोन पावलांना कुठल्या रकान्यात टाकणार तू? मी ज्यांच्याबरोबर खेळलो त्यांत डीजे सर्वोत्तम, असं बर्ड म्हणाला ते उगाच नाही.

हे आठ-दहा वेळा बघताना मला तुझी ती मॅच आठवली. तू नववीत होतास. जिल्ह्याची फायनल, एका पॉइंटनं मागं, चार-पाच सेकंद. दोघंजण तुझ्या अंगावर आले आणि कोपऱ्यात तुमचा तो लहानगा पोरगा एकटा मोकळा उभा. तू पास दिलास. त्याचा शॉट रिंगला लागून बाहेर आला. आणि मी सगळ्यांसमोर ओरडलो, "स्वतः मारायला काय झालं होतं रे?" तू काही बोलला नाहीस. पण त्यानंतर वर्षभर पास द्यायच्या आधी तू क्षणभर थबकायचास आणि गॅलरीत माझ्याकडं बघायचास. ते मला तेव्हाही दिसत होतं.

कूझीनं नव्वदीच्या उंबरठ्यावर रसेलला पत्र लिहिलं होतं. बोस्टनमध्ये रसेलला काळा म्हणून जे सोसावं लागलं, त्यावेळी मी तुझ्या बाजूनं बोलायला हवं होतं, बोललो नाही, ही त्याची खंत. इतकी वर्षं एका ड्रेसिंग रूममध्ये काढून. माझं तेवढं मोठं काही नाही, पण नव्वदीपर्यंत मला थांबायचं नाही. सोनू, तुझा पास बरोबर होता. शंभर वेळा तशीच वेळ आली तरी शंभर वेळा तोच पास. चुकलो मी.

आता निकाल. डीजे एक, कूझी दोन, तुझा रोंडो तीन, के. सी. चार. २०२४ च्या अठराव्या विजेतेपदातले जरू होलिडे आणि डेरिक व्हाइट यांना अजून थोडी वर्षं जाऊ देत, पाठीमागून बघितल्यावर माणसाची उंची कळते. रोंडोला दोनवर आणायचं असेल तर ती ४४ पॉइंटांची मॅच परत दाखवू नकोस, ती मला पाठ आहे. चेंडू दुसऱ्याच्या हातात असताना रोंडो काय करत होता ते दाखव, मी हट्ट करणार नाही.

दिवाळीला येशील तेव्हा १९८४ ची चौथी मॅच पहिल्या मिनिटापासून बघू. आवाज बंद ठेवून. चेंडूकडं बघायचं नाही, फक्त मॅजिकसमोर डीजेचे पाय बघायचे. मग बोल.

आईनं बॅगेच्या कडेच्या कप्प्यात कांदा-लसूण चटणीची बरणी ठेवलीय. झाकण घट्ट नाही, आधी ती काढून घे.

तुझे,
पप्पा