वरच्या दुधाचा हिशोब

सातारा,
मंगळवार, रात्री

चि. अमोल,
अनेक आशीर्वाद.

दुपारी फोनवर धड बोलता आलं नाही. तुझ्याभोवती माणसं होती, मागून विहीणबाईंचा आवाज येत होता आणि तू दबक्या आवाजात विचारत होतास, डॉक्टरांनी टॉप-अप सांगितलाय, म्हणजे अंगावर पाजून झालं की वरून आणखी दूध, मृण्मयी तेव्हापासून रडतेय, द्यायचा की नाही? असल्या गोष्टी हो-नाहीत उरकत नाहीत, म्हणून सविस्तर लिहितेय. पानांचे फोटो पाठवते. निवांत वाच, पटलं तर मृण्मयीलाही दाखव.

आधी माझं मत. टॉप-अप द्यायचा. गेल्या तीन दिवसांत पोरीचं वजन जेमतेम तीस ग्रॅम वाढलंय. या वजनाच्या बाळाचं दिवसाला पंचवीसएक ग्रॅम वाढायला हवं, तेव्हा इथे हट्ट करून चालणार नाही. पण तू पाठवलेल्या चिठ्ठीवर 'टॉप-अप १५ मिली, प्रत्येक फीडनंतर' एवढंच आहे. कशाचा, ते कुठेच लिहिलेलं नाही. आणि दिवेलागणीच्या आत मेडिकलमधून पावडरचा डबा खोलीत हजर! मृण्मयीचं रडणं त्या डब्यापासून सुरू झालंय, चिठ्ठीपासून नाही.

वजन का अडलं ते समजून घे. बाळ ३२ आठवड्यांचं आलं. ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिन्हींचा मेळ बाळाला साधारण ३४ आठवड्यांच्या सुमारास बसायला लागतो आणि तो पक्का व्हायला आणखी काही आठवडे जातात. परवापरवापर्यंत नळीनं दूध थेट पोटात जात होतं, तिला काडीचे कष्ट नव्हते. नळी निघाली आणि सगळं काम तिच्या अंगावर पडलं. चार-पाच वेळा ओढते, थांबते, श्वास घेते, पुन्हा ओढते आणि थोड्या वेळात तोंडात तसंच धरून झोपी जाते. बघणाऱ्याला वाटतं पोट भरलं. ती दमलेली असते. सोळाशे साठ ग्रॅमच्या जिवाला दहा मिनिटं अंगावर ओढणं म्हणजे आपल्याला एका दमात अजिंक्यतारा चढण्यासारखं आहे. म्हणजे इथे कमी पडतेय ती बाळाची ताकद. 'तुला दूधच नाही' हे वाक्य त्या खोलीत कुणी उच्चारलं असेल, तर ते सपशेल चूक आहे.

सिस्टरनं पाजण्याआधी आणि नंतर वजन केलं तेव्हा सात ग्रॅमचा फरक आला म्हणालास. कपडे तेच आणि लंगोट न बदलता केलं असेल, तर सात ग्रॅम म्हणजे सात मिली धर. आता तू हिशोबाचा माणूस, कागद घे. दिवसाला किलोमागे १६० मिली धरलं तर तिला सुमारे २६५ मिली लागतं. दर दोन तासांनी, बारा वेळा पाजलं तर एका वेळचं बावीस. त्यातलं सात ती स्वतः ओढते, पंधरा उरतं. चिठ्ठीवरचा आकडा असा आलाय, डॉक्टरांनी हवेत लिहिलेला नाही. पंधरा बारा वेळा म्हणजे दिवसाला १८० मिली.

पण ते सगळं डब्यातलं कशाला? बाळ दमून झोपलं की दूध मृण्मयीच्या अंगात तसंच राहतं. ते लगेच पंपानं काढायचं आणि तेच बाळाला द्यायचं. तूच म्हणालास, पंपाला दिवसाकाठी शंभरएक मिली निघतं. मग तूट उरली ऐंशीची. दिवसाला ऐंशी मिली दुसरीकडून आणायचं, एवढाच प्रश्न आहे. पंपाला जसं जास्त निघेल आणि बाळ जसं जास्त ओढेल, तसा हा ऐंशीचा आकडा खाली येत जाईल. भिंतीला कागद लावून रोज लिहीत जा.

ही तूट भरायला पहिला पर्याय दूधपेढी. तुला ठाऊक नसेल, पण आशियातली पहिली मातृदुग्धपेढी आपल्या मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. पुण्यात ससूनला आहे, इतरत्रही आहेत. तुमच्या हॉस्पिटलचा कुणाशी संबंध आहे का ते विचार. दूध देणाऱ्या आईच्या रक्ताच्या तपासण्या करतात, दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून जंतूविरहित करतात आणि पुन्हा तपासूनच पुढे देतात. मात्र हे दूध थोडं असतं आणि आधी अगदी लहान, अत्यवस्थ बाळांना जातं. आपली पोरगी दीड किलोच्या पुढे गेलीय, तेव्हा मिळेलच असं धरून बसू नकोस. आणि 'कुणाकुणाचं दूध पाजायचं' असं घरात कुणी म्हणालंच, तर तुमच्याच रस्त्यावरच्या कापूरहोळचं नाव घे. सईबाईंची तब्येत ढासळलेली, तेव्हा शंभूराजांना धाराऊनं अंगावर पाजलं. त्यावर कुणी काय बोलणार?

पेढीचं नाही मिळालं, तर पावडर. तीही बिनदिक्कत द्यायची. यावर माझ्या काही जुन्या मैत्रिणी तोंड वाकडं करतील. आमच्या पेशात 'फक्त अंगावरचंच' हे वाक्य कधीकधी आईच्या डोक्यावर काठीसारखं आपटलं जातं आणि ते मला कधीच पटलेलं नाही. कारण मात्र तू समजून घे. कमी दिवसांच्या बाळाचं आतडं कोवळं असतं. त्याला सूज येऊन आतड्याचा भाग सडण्याचा एक आजार आहे आणि पावडरच्या दुधावर तो आईच्या किंवा पेढीच्या दुधापेक्षा जास्त दिसतो. म्हणून एवढी घासाघीस करायची. अगदी लहान, सलाइनवरच्या बाळांत हा धोका फार मोठा असतो. आपली पोरगी त्यातून बरीच पुढे आलीय. अशा वेळी अर्धपोटी ठेवण्यापेक्षा मोजून दिलेलं ऐंशी मिली केव्हाही बरं. फक्त पोट फुगलं, हिरवी उलटी झाली, शीमध्ये रक्त दिसलं किंवा ती एकदम मलूल पडली, तर पुढच्या फीडची वाट न बघता डॉक्टरांना बोलवायचं.

मेडिकलमधून आणलेला डबा मात्र फोडू नका. कमी दिवसांच्या बाळाची पावडर वेगळी असते. शंभर मिलीत साधारण ऐंशी कॅलरी, नेहमीच्या डब्यात सदुसष्टच्या आसपास. कोणती द्यायची ते डॉक्टर लिहून देतील. दुकानदारानं 'हेच सगळे नेतात' म्हटलं म्हणून घ्यायची नाही. आपल्याकडे १९९२ पासून कायदा आहे, या डब्यांची जाहिरात करायला किंवा फुकट नमुने वाटायला बंदी आहे. तरी शिफारस कुठून ना कुठून कानावर येतेच.

पावडर म्हणजे जंतूविरहित वस्तू नव्हे, म्हणून पाणी उकळून, चांगलं गरम असतानाच, सत्तर अंशांच्या खाली जायच्या आत मिसळायचं आणि मग भांडं गार पाण्यात धरून कोमट करायचं. आधी मोजून पाणी, मग सपाट चमचा पावडर. चमचा दाबून भरायचा नाही, घट्ट करायला अर्धा जास्त टाकायचा नाही, डबा महिनाभर पुरावा म्हणून पातळही करायचं नाही. उरलेलं ओतून द्यायचं, मग कितीही जिवावर आलं तरी.

बाटली नको. बाटलीचं दूध आपोआप गळतं, बाळाला ओढावं लागत नाही आणि या दिवसांत तर ते ठसकतं. सिस्टरकडे चोचीचं भांडं असेल, त्या पालडाई म्हणतील, आपल्या आजीच्या भाषेत बोंडलं. बाळाला जवळजवळ बसतं धरायचं, मानेखाली हात, चोच खालच्या ओठावर कडेला टेकवायची आणि दूध ओठाला लागू द्यायचं. ओतायचं नाही. ती स्वतः जीभ पुढे काढून चाटेल, गिळेल, थांबेल. ती थांबली की तूही थांब. पंधरा मिलीला पंधरा मिनिटं लागली तरी लागू देत. मृण्मयीला आधी पाजू दे, मग तू हे कर, तोवर ती पंपावर बसेल. असं केलंत तर सगळं तासाभरात आटपेल आणि पोरीला पुढच्या वेळेपर्यंत झोप मिळेल. एका माणसानं तिन्ही करायचं म्हटलं तर दिवस-रात्र तेच.

पंप दोन्ही बाजूंचा, हॉस्पिटलवाला, भाड्यानं आण. पुण्यात मिळतात. दिवसातून आठ वेळा तरी काढलं पाहिजे आणि त्यातलं एक मध्यरात्रीनंतरचं हवंच, कारण दूध तयार करणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. पंप लावण्याआधी कोमट फडकं आणि हलका चोळा. पंप थांबला की शेवटी हातानं काढायचं: अंगठा वर, बोटं खाली, काळ्या भागाच्या थोडं मागे, आधी छातीकडे दाबायचं, मग बोटं जवळ आणायची. कातडीवरून घसरवायची नाहीत. हे शेवटचं दूध दाट असतं, त्यात स्निग्धांश जास्त. पंपाला पाच मिली निघाले म्हणून ती रडली तर तिला आठवण दे, की तिचा चीक सिरिंजमध्ये थेंबाथेंबानं गोळा करून पेटीतल्या पोरीच्या गालाच्या आतून लावत होते. तेव्हा अर्ध्या मिलीचं कौतुक होतं.

हाळीवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी, विहीणबाई जे काय करतील ते तिनं खुशाल खावं, पोटाला आधार होतो. पण दूध वाढतं ते अंगातून काढलं जाण्यानं. लाडू खाऊनही वाढलं नाही म्हणून तिला पुन्हा बोल नकोत. आणि घुटी, मध, साखरपाणी, उगाळलेलं जायफळ यातलं काहीही पोरीच्या ओठाला लागता कामा नये. हे विहीणबाईंना तू सांगू नकोस, मी सांगेन. आम्ही दोघी एका वयाच्या, त्या माझ्यावर रागावल्या तरी चालेल.

आता तुझं काम. शर्ट काढ आणि पोरीला छातीवर घे. नुसता लंगोट आणि टोपी, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला, नाक मोकळं, वरून चादर. कोलंबियात, बोगोटाला, १९७८ च्या सुमारास इन्क्युबेटर पुरेनात म्हणून हे सुरू झालं. २०२१ मध्ये पाच देशांतल्या अभ्यासाचा निष्कर्ष आला, त्यात आपलं दिल्लीचं सफदरजंगही होतं. एक किलो ते अठराशे ग्रॅमच्या बाळांना जन्मल्याबरोबर असं छातीशी ठेवलं, तर बाळं दगावण्याचं प्रमाण चौथ्या हिश्शानं कमी झालं. पेटीत ठेवून, तब्येत स्थिर व्हायची वाट बघितली त्यांच्या तुलनेत हं, घरी नेऊन नुसतं निजवलं त्यांच्या नाही. आई घेईल तेवढा वेळ आईनं घ्यावं, त्यानं दूधही सुटतं. ती झोपेल तेव्हा तू. ऊब वाचली की पोरीची ताकद वाढीला लागते. लाजायचं कारण नाही, आमच्या वॉर्डात मिशा पिळणारे पैलवान गडी तासन् तास बसायचे.

उद्या राउंडला डॉक्टर आले की शांतपणे विचार. टॉप-अप आधी आईचंच काढलेलं दिलं तर चालेल ना? आईच्या दुधात मिसळायची पुडी, फॉर्टिफायर, चालू ठेवायची की थांबवायची? या वजनाला नुसत्या आईच्या दुधात प्रथिनं आणि कॅल्शियम कमी पडू शकतं, म्हणून विचारायचं. आणि वजन किती दिवस, किती ग्रॅमनं वाढलं की पंधराचे दहा आणि दहाचे पाच करायचे? हा शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही. मग टॉप-अप सुरू होतो तो चार महिने चालतो, आईचं दूध त्याच्यापायी आटतं आणि शेवटी सगळे म्हणतात, हिला पहिल्यापासून दूधच नव्हतं. ते जे सांगतील ते तारखेसकट लिहून घे. त्यांचं म्हणणं माझ्या म्हणण्यापेक्षा वेगळं निघालं तर त्यांचं ऐक, बाळ त्यांच्या डोळ्यांसमोर आहे.

घरी जायची घाई करू नका. अठराशे झाल्यावर सोडतो म्हणालेत, तर होऊ दे अठराशे. बारशाची तारीख कुणी काढत असेल तर कॅलेंडर लपवून ठेव. भेटायला येणाऱ्यांना तू दारातूनच परत पाठव. वाईटपणा तू घे, मृण्मयीला घ्यायला लावू नकोस.

मी शनिवारी पहिल्या एसटीनं निघते. पंपाचे भाग धुणं-उकळणं आणि रात्री दोनचं बोंडलं माझ्याकडे, तोवर तुम्ही दोघं झोपा. स्टीलचं मोठं पातेलं आणि चिमटा मी आणते, विकत घेऊ नकोस. शुक्रवारचं वजन तेवढं कळव. सकाळचं, पाजण्याआधी, कपडे काढून केलेलं.

तुझी,
आई