भूल देणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

ऑपरेशन झालं की सगळे सर्जनचे पाय धरतात, भूलतज्ज्ञाचं नावही कुणी विचारत नाही. म्हणून हे पत्र तुम्हाला.

अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिसने दादाचे मणके मानेपासून कमरेपर्यंत जुळलेले, पाठ पुढे वाकलेली. आधीच्या ठिकाणी "स्क्रू टाकू, सरळ होईल" एवढंच सांगून सहीचा कागद पुढे केला. एक्स-रेच्या टेबलावर तर त्याचं डोकं दाबून टेकवायला निघाले होते! अशी मान दाबली तर मोडते आणि मज्जारज्जूही दुखावतो.

तुम्ही आल्याआल्या विचारलंत, "घरी किती उशा घेऊन झोपता?" तीन. टेबलावर डोक्याखाली तेवढीच उंची लावून घेतलीत आणि पुन्हा त्यालाच विचारलंत, "बरोबर आहे ना?" त्या प्रश्नाने त्याची निम्मी भीती गेली. पेशंटला विचारून हात लावणारी माणसं ओपीडीत, एक्स-रेच्या खोलीत, स्ट्रेचर ढकलणाऱ्यांतही हवीत.

मान मागे जात नाही, म्हणून जागेपणीच घसा बधिर करून दुर्बिणीने श्वासाची नळी घालू, ठसका लागेल, हे तुम्ही आधीच सांगितलंत. धोकेही लपवले नाहीत. कमरेच्या तिसऱ्या मणक्यातून हाडाची पाचर कापून काढली की एका जागी साधारण ३० ते ४० अंशांचा बाक सुटतो. मज्जारज्जू त्याच्या वरच संपतो, तरी पाचरीची फट मिटताना मणका सरकला तर नसा चिमटतात. पायातली ताकद, लघवीवरचा ताबा जाऊ शकतो. नसांवरचं आवरण हाडाला चिकटलेलं असतं, ते फाटू शकतं. रक्त लिटर-दोन लिटर जाऊ शकतं. हाड ठिसूळ, त्यामुळे स्क्रू सैल होतात, आणि हाड जुळलं नाही तर पुढे स्क्रूंना जोडणाऱ्या सळ्याही मोडतात. तासन्तास पालथं असताना डोळ्यांवर दाब आला तर नजरेला धोका. आणि जे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं: मान हलत नसताना पाठ गरजेपेक्षा सरळ केली, तर पायाखालची पायरी दिसत नाही. म्हणून बाक थोडा ठेवायचा.

नंतर दादाची उजवी मांडी बधिर झाली, तेव्हा घरात कुणी हातपाय गाळले नाहीत. असं होऊ शकतं, हे तुमच्याकडून ऐकलेलं होतं.

दादाच्या आणि आम्हा सगळ्यांच्या वतीने मनापासून आभार.

आपली,
दादाची धाकटी बहीण