किल्ल्या गेल्या, आता चाकू कुठे अडकवू?

प्रिय बाळ्या,

पाकीट पाहून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. माईंचा गुडघा आहे तसाच, माझा रक्तदाब गोळीवर आटोक्यात. फोनवरही बोलता आलं असतं, पण फोनवर तू मला दोन मिनिटांत हसण्यावारी नेलं असतंस आणि हा विषय दोन मिनिटांचा नाही. घरात काढून पाहिला. "चाकूच ना?" एवढं बोलून सगळे आपापल्या कामाला लागले. तसं न म्हणणारा तू एकटाच उरलायस.

झालं असं की आमच्या दाराला बोटाच्या ठशावर उघडणारं कुलूप बसलं. गाडीची किल्ली आधीच गेली होती, आता बटण दाबायचं. कपाटाला आकड्यांचं कुलूप, ऑफिसला गळ्यातलं कार्ड. धाकटीने माझ्या हातातून जुडगा घेतला, एकेक किल्ली काढून डब्यात टाकली, आणि कडीत शेवटी एकटा माझा घडीचा स्विस चाकू उरला, पातं, कात्री, कानस, चिमटा आणि दात कोरायची काडी पोटात घेऊन. लाल रंगाचा, कोपऱ्यांवर झिजून फिका पडलेला, 58 मिलिमीटर लांबीचा. तिने अगदी साधेपणाने विचारलं, "बाबा, आता हा कशाला अडकवणार?"

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय, म्हणून हे पत्र.

तुला आठवत असेल, आपलं भांडण कायम मापावरून व्हायचं. तुझा तो 91 मिलिमीटरचा, भिंग, हुक, करवत आणि बाटलीचं बूच काढायचा पीळ असलेला. तू तो टेबलावर ठेवलास की बाकीच्यांनी नुसतं बघत राहायचं. तुझ्यापुढे माझा म्हणजे खेळणं. पण लेका, मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो, की चाकूची खरी परीक्षा तो गरजेच्या क्षणी अंगावर आहे का, ही. जाड्याच्या बोटात फळीची कूस घुसली होती त्या दिवशी तुझा भिंगवाला कुठे होता? घरी, बॅगेच्या आतल्या कप्प्यात, म्यानासकट. कूस कशाने निघाली? माझ्या त्या काडीएवढ्या चिमट्याने. जाड्या मात्र असा ओरडत होता, की शेजारच्यांना वाटलं असेल हात कापतायत. तू आजवर हे कबूल केलेलं नाहीस. आता पत्रातून तरी कर.

माझं सगळं म्हणणं त्या 21 ग्रॅमांत आहे. एवढ्या वजनाची वस्तू खिशात आहे हे माणूस विसरतो, आणि विसरतो म्हणूनच ती कायम सोबत राहते. मोठा चाकू आठवणीने घ्यावा लागतो. किल्ल्यांना अडकवलेला आठवावा लागत नाही, कारण किल्ल्यांशिवाय कोणी घराबाहेर पडतच नव्हतं. त्याला जागा मिळाली ती किल्ल्यांच्या जिवावर. आणि आता किल्ल्याच गेल्या.

काय काय केलं रे त्याने! पार्सलची चिकटपट्टी तर रोजचीच. नव्या कपड्यांच्या लेबलचा तो प्लास्टिकचा दोरा, जो दाताने तोडायला गेलं तर दातच हलतो. बाहीतून लोंबणारा धागा, जो ओढला की शिवण उसवते आणि कापला की मिटतं. रिमोटच्या बॅटरीच्या झाकणाचा बारीक फुलीचा स्क्रू कानशीच्या चपट्या टोकाने फिरतो, हे मला तात्यांनी दाखवलं. तात्यांना काही येत नाही असं तुमचं सगळ्यांचं मत होतं, ते मी कधी मानलं नाही. दात कोरायच्या काडीने मी दात फार क्वचित कोरले. फोनच्या चार्जिंगच्या भोकात खिशातली लव दाबून बसते आणि वायर नीट बसेनाशी होते, तेव्हा धातूची सुई घालायची नसते. ती प्लास्टिकची काडी बरोबर जाते. कितीतरी जणांचे "बिघडलेले" फोन मी असे जागच्या जागी सुरू करून दिलेत.

आणि कात्री! पात्यापेक्षा कात्रीच जास्त चालते, हे हा चाकू वापरणारा कुणीही सांगेल. औषधाची पट्टी, बँडेज, तुटलेलं नख, लहान मुलाच्या हातातला फुग्याचा दोरा. अनोळखी माणसासमोर पातं उघडलं की तो अर्धं पाऊल मागे सरतो. कात्री उघडली की हात पुढे करतो. प्रवासात एका बाईंच्या बॅगेची चेन धागा अडकून बसली होती, सगळे ओढून ओढून दमले होते. मी कात्री काढली, धागा कापला, चेन सुटली. त्यांनी तो चाकू हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "माझ्या वडिलांकडे होता." पुढे बराच वेळ त्या वडिलांबद्दल बोलत राहिल्या. तुझ्या करवतीने असं कधी झालं का?

तू नेहमी म्हणायचास की मी याचा इतिहास सांगायला लागलो की थांबत नाही. आज थांबवायला तू समोर नाहीस. स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावात कार्ल एल्सनरने 1884 मध्ये चाकू बनवण्याचं काम सुरू केलं. तिथल्या सैन्यासाठी चाकू ठरला, पण एवढा माल काढायची ताकद देशातल्या कोणात नव्हती, म्हणून पहिली खेप जर्मनीतल्या झोलिंगेनहून आली. एल्सनरला ते खुपलं. इतर कारागिरांना सोबत घेऊन त्याने 1891 मध्ये सैन्याला स्वतःचे चाकू पुरवायला सुरुवात केली. मग 12 जून 1897 ला त्याने अधिकाऱ्यांसाठीच्या चाकूची नोंदणी केली. त्यातली गंमत अशी की एकाच स्प्रिंगवर दोन्ही बाजूंची अवजारं तोलली होती. त्यामुळे सामान वाढलं, जाडी वाढली नाही. माझ्या हातातल्या बोटभर वस्तूत पातं, कात्री, कानस, चिमटा आणि काडी राहतात, त्याचं मूळ मला तिथे दिसतं. आई व्हिक्टोरिया गेल्यावर त्याने मालाला तिचं नाव दिलं आणि 1921 मध्ये न गंजणाऱ्या पोलादाचा 'इनॉक्स' त्याला जोडला. व्हिक्टोरिनॉक्स. आईचं नाव आणि पोलाद एका शब्दात. मला हे प्रत्येक वेळी आवडतं, तू कितीही जांभया दे.

पण खरी गोष्ट पुढेच आहे, तेव्हा पान उलट. फ्रान्समधले ते लाकडी मुठीचे ओपिनेल चाकू माहीत आहेत ना, आकड्यांनी ओळखले जाणारे? त्यांत पूर्वी 1 नंबर होता. दोन सेंटिमीटरचं पातं आणि मुठीला छोटी कडी, खिशातल्या घड्याळाच्या साखळीला किंवा किल्ल्यांना अडकवायला. तो 1935 मध्ये बंद झाला. फारच लहान म्हणून काढला, असं सांगतात. मला मात्र त्यात खिशातलं घड्याळ जाणं दिसतं. घड्याळ मनगटावर गेलं, साखळी गेली, अडकायला जागा कमी झाली. चाकू वाईट नव्हता रे. ज्याच्या आधाराने तो जगत होता, तेच उठून गेलं. आपल्याबरोबर तेच होतंय, अशी मला धास्ती वाटते.

लोक म्हणतात, हा चाकू विमानतळांनी मारला. ते अर्धंच खरं. 2001 च्या सप्टेंबरमधल्या अमेरिकेवरच्या हल्ल्यांनंतर हातातल्या बॅगेतून पाती गेली, कारखान्याची विक्री मोठ्या प्रमाणात घटली, आणि तपासणीच्या टेबलाजवळच्या डब्यात किती बापांचे, किती आजोबांचे चाकू पडले असतील याची कल्पनाही करवत नाही. अमेरिकेत 2013 च्या मार्चमध्ये जाहीर झालं होतं की सहा सेंटिमीटरपर्यंतचं पातं विमानात नेता येईल. आपला सहज बसला असता. विमानातल्या कर्मचाऱ्यांनी कडाडून विरोध केला आणि जूनमध्ये तो विचार सोडून दिला. मला त्या कर्मचाऱ्यांचा राग येत नाही. बंद डब्यात हवेत काम त्यांनाच करायचं असतं. 2024 मध्ये तर एल्सनरांच्या आजच्या पिढीनेच सांगितलं की जगभरचे नियम कडक होतायत, म्हणून बिनपात्याची अवजारंही बनवायचं चाललंय. ठीक आहे, कात्री राहिली तरी माझं निम्म्याहून जास्त काम होईल.

विमान माणूस कधीमधी पकडतो. तेव्हा चाकू मोठ्या बॅगेत टाकायचा किंवा घरी ठेवायचा, संपलं. किल्ली मात्र रोज लागायची. म्हणून दाराचं ते नवं कुलूप मला विमानतळापेक्षा भारी पडलंय. नियमाने चाकू काढून घेतला तर निदान चिडता येतं. सोयीने काढून घेतला तर चिडायचं कुणावर? दार छान उघडतं की!

सगळं करून पाहिलं. नुसता खिशात टाकला तर नाण्यांत हरवतो आणि धुवायच्या कपड्यांत जातो. पाकिटात ठेवला तर बसताना टोचतो आणि चामडं फुगतं. ऑफिसच्या कार्डाच्या दोरीला अडकवला तर छातीवर चाकू लटकावून बैठकीत बसावं लागतं. तिथे नवी आलेली मुलगी त्याच्याकडे बघत राहिली, मग तो काढला. बॅगेच्या आतल्या हुकाला लावला, तर बॅग घरी आणि मी जिन्यात. म्हणजे तुझ्या भिंगवाल्याचीच गत, ते मला मान्य होणार नाही. धाकटी म्हणते, फोनच्या कव्हरला भोक पाडा. फोन हीच आता माणसाची किल्ली आहे, त्यामुळे तिचं डोकं बरोबर दिशेला चाललंय. पण फोन दिवसभर हातात असतो, कानाला लागतो. तिथे लोंबती वस्तू नको.

शेवटी एक सुचलंय, आणि त्यावर तुझं मत हवंय. एकच किल्ली मुद्दाम ठेवायची. त्या नव्या कुलपाला बॅटरी संपल्यावर उघडायची एक किल्ली असतेच, डब्यात आहे. ती कडीत परत घालायची आणि रोज खिशात ठेवायची. बॅटरी कधीतरी संपणार, तेव्हा सगळं घर जिन्यात उभं राहील आणि माझ्याकडे बघेल. म्हणजे किल्लीला कारण आहे आणि किल्लीमुळे चाकूला. यात काही खोट दिसत असेल तर सांग. नुसता हसू नकोस. मी याचा खरंच खूप विचार केलाय.

तुझं काय चाललंय? नवीन जागा लागली का? वहिनींचं शिबिर झालं असेल. थोरल्याच्या निकालाचं जाड्याकडून कळलं, फार आनंद झाला, त्याला माझा आशीर्वाद सांग. त्याला पहिल्या पगाराआधी एक छोटा लाल चाकू मी देणार आहे, तेव्हा तू आधीच मोठा घेऊन देऊ नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे.

जाड्या विचारत होता की आपण तिघं कधी भेटणार. मी तारीख टाकत नाही, तूच टाक, तुझंच अडतं नेहमी.

तुझा,
नान्या

ता. क. तुझ्या त्या दुसऱ्या, छोट्या चाकूच्या कात्रीची स्प्रिंग तुटून पडून आहे, हे मला वहिनींनी सांगितलं. (म्हणजे छोटा तूही बाळगतोस तर!) या पत्रात कागदाच्या घडीत नवी स्प्रिंग चिकटपट्टीने लावली आहे. घडी टेबलावर उघड, ती पापणीच्या केसाएवढी आहे, उडाली तर सापडणार नाही. आधी जुना तुकडा सुईने सरकवून काढ, मग नवीचं टोक दांड्याच्या खाचेत बसव आणि तिचा बाक कोणत्या बाजूला आहे ते दाबण्याआधी बघ. जमलं नाही तर चाकूच पाठवून दे, मी बसवून देतो.