गहाण पडलेली पोर

प्रिय बंड्या,

इतके दिवस पत्र नाही म्हणून शिव्या घालत असशील, घाल. तब्येत ठीक, गुडघे कुरकुरतात.

मिनूचं लग्न पुढे ढकललंय. का, ते सांगत नाही. “सध्या एंगेज्डच राहू,” म्हणते. आणि त्याच आठवड्यात दोघांनी मिळून घराचं कर्ज उचललं! वीस वर्षं हप्ते भरायची तयारी आहे, लग्नाची तारीख धरायची नाही.

ही रडत बसली, मी डिक्शनरी काढली. हस, पण तूही तेच केलं असतंस. ‘एंगेज’ आलाय जुन्या फ्रेंचमधून. ‘गेज’ म्हणजे गहाण, शब्द पाळीन याची खूण म्हणून दुसऱ्याच्या हवाली केलेली वस्तू. द्वंद्वाचं आव्हान देताना सरदार हातमोजा जमिनीवर फेकायचे, तोही गेजच. मुळातल्या ‘व’चा बाकी फ्रेंचमध्ये ‘ग’ झाला, उत्तर फ्रान्सच्या बोलीत तो ‘व’च राहिला आणि तिथून इंग्रजीला ‘वेज’ मिळाला, म्हणजे मजुरी. ‘वेड’ (आपलं नव्हे, त्यांचं लग्न करणं) त्याच जर्मानिक मुळाचं. आणि मॉर्गेज म्हणजे मेलेलं गहाण! पंधराव्या शतकातला इंग्लिश न्यायाधीश लिटलटन सांगतो: कर्ज फिटलं नाही तर जमीन ऋणकोला मेली, फिटलं तर सावकाराला.

म्हणजे पोरीने एकाच खानदानातली दोन गहाणं केलीत, एक तोंडी, एक बँकेत. तोंडी मोडलं तर रडून मोकळं होता येतं. पण कर्ज दोघांच्या नावावर. त्याने हप्ते थकवले तर बँक मिनूला धरणार. माझी झोप उडालीय ती यामुळे. हिला वाटतं, मला लग्नाची काळजी आहे.

मिनू तुझं ऐकते, फोन कर तिला. मी केला की एंगेज लागतो.

जाता जाता एक हिशेब. माझ्या कवितांना बांधिलकी नाही म्हणून तू तो फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्र माझ्या अंगावर घालायचास ना? त्याची ती ‘आंगाजे’, म्हणजे बांधील, लेखकाची कल्पना याच शब्दातली. पण 1947 साली त्यानेच लिहून ठेवलंय की बांधिलकीची मागणी गद्याकडे करायची, कवितेकडे नाही. एवढी वर्षं गप्प का होतास, लबाडा? माफीनामा लेखी पाठव.

वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? राजूचं काय ठरलं? सविस्तर लिही, नेहमीसारखं कार्डावर भागवू नकोस.

तुझा,
अण्णा