माझे थांबे न कापल्याबद्दल

प्रिय ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, कारण ते तुम्हाला आवडणार नाही. पण आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत.

शहरातल्या चालण्यावर ध्वनिकृती करायची म्हणून तुम्ही मला विचारलंत, तेव्हा वाटलं, बाईंचा पत्ता चुकला. माझा संधिवात चौदा वर्षांचा, आणि काठी त्याहून थोडी लहान. दोन्ही कानांत एकेक इवलासा माइक बसवताना तुम्ही मॅक्स न्यूहाउस या अमेरिकन ध्वनिकलाकाराची गोष्ट सांगितलीत. १९६६ साली त्याने लोकांच्या हातावर ‘ऐका’ अशा अर्थाचा इंग्रजी शिक्का उमटवला आणि त्यांना न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर फिरवून आणलं. मी विचारलं, “त्यातलं कोणी मध्येच टेकलं का हो?” तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, “ते आज आपण रेकॉर्ड करू.”

आणि केलंत. माझ्या मागे दोन पावलं, माझ्याच चालीने. (सोबत चालणारे बहुतेक जण पुढे जाऊन वळून बघत उभे राहतात. त्यापेक्षा एकटं बरं.)

सिग्नलचा तुकडा मी घरी पुन्हापुन्हा ऐकला. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा किती वेळ ठेवायचा, हे बऱ्याच ठिकाणी सेकंदाला सुमारे १.२ मीटर चाल धरून ठरवतात. दुखऱ्या दिवशी माझी चाल त्याच्या निम्मी. म्हणजे बारा मीटरच्या रस्त्यावर दहा सेकंदांनी मी बरोब्बर मध्यावर. रेकॉर्डिंगमध्ये तिथेच पहिला हॉर्न डावीकडून येतो, मग उजवीकडून, आणि त्या दोन्हींच्या मध्ये माझा श्वास. हेडफोन लावणाऱ्यालाही तो आपल्याच छातीतून आल्यासारखा वाटतो.

पुढे बसायला काही नव्हतं, म्हणून रेलिंगला टेकले. तुम्ही त्या लोखंडालाच एक माइक चिकटवलात. सगळ्या रस्त्याची घरघर त्यात उतरली होती. इतकी वर्षं तिथे टेकत आले, पण हे कधी ऐकलं नव्हतं.

नंतर मी फोन करून सांगितलं, माझं धापणं आणि थांबणं तेवढं कापा, लोक कंटाळतील. “कापलं तर तो दुसऱ्याच कुणाचा रस्ता होईल,” एवढंच बोललात. चार मिनिटांचा एक थांबा अख्खा ठेवलात. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक आवाज लिहूनही काढलात. त्यात ‘काठी: थप, थप, टक्’ वाचलं आणि चमकले. हा ‘टक्’ कुठून आला? काठी उलटी करून पाहिली, तर बुडाचं रबर एका बाजूने पार झिजलेलं. पुढच्या ओल्या फरशीवर आपटलेच असते!

रबर बदललंय. आता नुसता ‘थप’. पुढच्या वेळी माइकबरोबर घडीचं स्टूलही आणा. एक नाही, दोन.

तुमची,
मागून येणारी