कोर्टाचं पाकीट आलं म्हणून घाबरू नका

तीर्थरूप आप्पा आणि आईस, शि. सा. नमस्कार.

आधी महत्त्वाचं, मला काहीही झालेलं नाही. पोलीस माझ्या दारात आलेले नाहीत, व्हिसा ठीक, नोकरी ठीक, जेवतेय पण वेळेवर. फोनवर मी "दोन आठवडे कोर्टात होते" एवढंच बोलले आणि नेमकी तुमची रेंज गेली, आणि मग म्हणे आज्जीने देवाला नारळाचा नवस बोलला. तिचा व्हॉइस मेसेज आला, "गो बाय, तुका कोर्टात कित्याक बोलवल्यानी?" तो मी चार वेळा ऐकला, तिच्या आवाजासाठी कमी आणि मागे कोंबड्या ओरडत होत्या त्यासाठी जास्त.

तर प्रकार असा की इथे इंग्लंडमध्ये ज्यूरी म्हणून एक भानगड आहे. मला पाकीट आलं तेव्हा मलाही वाटलं कोणीतरी फसवतंय. मतदार यादीतून कॉम्प्युटर कुणाचंही नाव उचलतो, बस ड्रायव्हर, मास्तर, केस कापणारी, माझ्यासारखी नर्स, कायद्यातलं ओ की ठो कळलं पाहिजे असं नाही. वय १८ ते ७५ आणि पाच वर्षं इथे राहिलेलं असलं की झालं. पासपोर्ट भारताचाच आहे माझा (आप्पा, दर फोनला विचारता, नाही बदललेला), पण कॉमनवेल्थवाले म्हणून आपल्याला इथे मत देता येतं आणि मताच्या मागून हे पण येतं. सबळ कारण नसताना गेलं नाही तर दंड. पगार बुडाला तर थोडे पैसे देतात, सगळे नाही. शपथ कुठल्याही धर्मग्रंथावर घेता येते, मी गीता मागितली, कापडात गुंडाळलेली आणून दिली, आणि वाचताना माझा आवाज असा काही फुटला की शाळेत भाषण विसरले होते ते आठवलं. अर्धा दिवस नुसतं बसायचं, खुर्च्या, कॉफीचं मशीन, कुणीतरी अर्धवट टाकलेलं चित्रांचं कोडं, अगदी कणकवली स्टँडवर रातराणीची वाट बघितल्यासारखं, फक्त शेंगदाणेवाला नाही. आणि घरी येऊन केसबद्दल गुगल करायचं नाही, केलं तर जेल होऊ शकते, मस्करी नाही.

न्यायाधीश असतो, डोक्यावर तो केसांचा टोप पण असतो, पण माणूस दोषी की नाही हे तो ठरवतच नाही. ते आम्ही बारा अनोळखी लोकांनी ठरवायचं, शक्यतो एकमताने, फारच ताणलं तर दहा विरुद्ध दोनपर्यंत चालतं. त्याने कायदा समजावून द्यायचा आणि दोषी निघाला तर शिक्षा सांगायची. आई म्हणेल हा काय पोरखेळ. आप्पांना पटकन कळेल, १९०८ ला मुंबईत टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला त्यात नऊ जणांची ज्यूरी होती, सात विरुद्ध दोन, आणि मग मंडाले. आपल्याकडे नानावटी केसनंतर (नौदलातल्या अधिकाऱ्याने बायकोच्या प्रियकराला गोळी घातली ती) ही पद्धत हळूहळू मोडीतच निघाली.

आमची केस बलात्काराची होती. नाव गाव लिहीत नाही, जिने तक्रार केली तिचं तर जन्मभर कुणीच छापायचं नसतं असा कायदा आहे. आम्ही ज्यूरीच्या बंद खोलीत काय बोललो तेही कधीच कुणाला सांगायचं नाही, तो गुन्हा आहे, म्हणून निकालही लिहीत नाही आणि वहिनीने फोनवर खोदून विचारू नये. कोर्टात सगळ्यांसमोर जे झालं त्यातलं थोडं सांगते. ती बोलत होती तेव्हा तिच्या आणि त्याच्या मधे पडदा होता, आम्हाला दिसत होती. हातात टिश्यू पेपर होता आणि उलटतपासणीभर ती त्याच्या बारीक बारीक गोळ्या करून समोरच्या कठड्यावर ओळीने मांडत होती, शेवटी मोजल्या मी, अकरा. आणि तो काचेमागे बसलेला, वीस-बावीसचा असेल, अंगात नवा शर्ट, पाकिटातून काढलेल्या घड्या तशाच छातीवर उमटलेल्या. तो शर्ट त्याला कुणी आणला असेल ते मला वर गॅलरीत बघितल्यावर कळलं, बाई रोज येत होती, मांडीवर पर्स आणि त्यावर छत्री, आई तुझ्यासारखीच दोन्ही हातांनी धरलेली. मी वर बघायचं बंद केलं मग.

जज म्हणाला की त्याने काहीही सिद्ध करायचं नाहीये, सगळं सरकार पक्षाने करायचं, आणि तुमची खात्री झाली तरच दोषी म्हणा. बहुतेक केलं असेल, हे चालत नाही. आणि त्याच दमात हेही म्हणाला की तिने उशिरा तक्रार केली, ओरडली नाही, एवढ्यावरून ती खोटी असं धरू नका. मी घरी येताना बसमध्ये हेच चघळत होते, की मग खात्री नाही झाली म्हणून आपण त्याला सोडला, तर आपण तिला खोटारडी म्हटलं का? नाही ना. आपण फक्त एवढंच म्हटलं की पुरावा पुरला नाही. ही दोन वाक्यं वेगळी आहेत आणि आपल्या गावात ती कोणी वेगळी करत नाही.

दोन्ही बाजूंनी लोक चिरडतात म्हणून तर एवढी किचकिच. इथे अँड्र्यू माल्किन्सन नावाच्या माणसाला २००४ ला बलात्कारासाठी दोषी ठरवलं, दहा विरुद्ध दोननेच, सतरा वर्षं आत काढली आणि २०२३ ला डीएनएवरून निर्दोष सुटला. पोलिसांनी काही गोष्टी त्याच्या वकिलांना दाखवल्याच नव्हत्या. आणि आपल्याकडे १९७२ ला देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात पोलिसांनीच बलात्कार केला अशी तक्रार केलेली मथुरा, अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही म्हणून १९७८ ला सुप्रीम कोर्टाने दोन्ही पोलिसांना सोडलं, त्यावर एवढं रान उठलं की १९८३ ला कायदा बदलला, पोलिसांच्या ताब्यातल्या बाईने संमती नव्हती म्हटलं की कोर्टाने तसंच धरून चालायचं.

आता आपल्या बाबूवरच्या केसचं.

तुम्ही विचारलंत, तू एवढी कोर्टात बसून आलीस तर सांग पोराचं काय होणार. मी वकील नाही. पण आपल्या वकिलांशी फोनवर बोलले तेव्हा ते म्हणाले कलम ६९ लावलंय, लग्नाचं खोटं वचन देऊन संबंध ठेवले, नव्या न्याय संहितेतलं, दहा वर्षांपर्यंत शिक्षा. सगळा मुद्दा एवढाच की शब्द दिला तेव्हाच तो खोटा होता, की तेव्हा खरा होता आणि नंतर मोडला. २०१९ ला महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हा फरक स्पष्ट केलाय. बाबूच्या मनात पहिल्यापासून काय होतं ते मला माहीत नाही, तात्यांनाही नाही, आणि ते सिद्ध करणं सरकार पक्षाचं काम आहे, त्याचं नाही.

पण आप्पा, एक गोष्ट आपल्याला माहीत आहे ना. गेल्या शिमग्याला तो तिचं नाव घेऊन तुमच्यासमोर उभा राहिला होता. तुम्ही आणि तात्या म्हणालात, त्या घरातली सून आपल्याकडे चालणार नाही. का ते लिहीत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. मी पण तेव्हा फोनवर होते आणि गप्प बसले. आता बाबूच्या बाजूने काही असेल तर तेच आहे, की त्याने विचारलं होतं आणि आपण नाही म्हटलं. ते तुम्ही वकिलांना सांगितलेलंच नाही, मी विचारलं तर त्यांना पत्ताच नव्हता. त्याऐवजी वाडीत काय चाललंय, तर पोरगी तसलीच होती. तिला देवळात आणून नारळावर हात ठेवायला लावा, कौल घेऊया, हे म्हणे गावकीत ठरतंय. कौलाला मी नावं ठेवत नाही, गुरं हरवली तर लावा, बागेच्या वाटणीला लावा. पण शपथ तिने घ्यायची, आणि ज्यांनी नाही म्हटलं त्यांनी सुपारी कातरत बसायचं, हे कसं? उद्या पुराव्याअभावी तो सुटला तर सुटू दे, मला आनंदच होईल, लहानपणी माझ्या कडेवर वाढलेला पोर आहे तो. पण मग तिच्या दारात फटाके लावायचे नाहीत.

रागावू नका. मी पण काही शहाणी नाही, बातमी कळली तेव्हा पहिलं वाक्य माझ्याच तोंडून गेलं होतं, "पैशासाठी केलं असेल." वहिनीला आठवत असेल. त्यानंतर दोन महिन्यांनी मी त्या खोलीत बसले.

काही कामाच्या गोष्टी. त्याला फोन फॉरमॅट करायचा सल्ला कोणी दिलाय तो ऐकू नका, त्यातले मेसेज त्याच्याही उपयोगाचे असतील. ओरोसच्या जिल्हा कोर्टात जामीन नाही झाला तर आता मुंबई गाठायला नको, कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, सिंधुदुर्ग त्यातच येतं. आणि वाडीच्या ग्रुपवर कुणी तिचा फोटो टाकलाय तो आजच्या आज काढायला लावा, त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

पैशांचं. वकिलाच्या फीचे ऐंशी हजार मंगळवारी पाठवते, सरळ त्यांच्याच खात्यात. त्याला चांगला वकील मिळालाच पाहिजे, त्यात माझं दुमत नाही. पण तात्या म्हणाले ते वेगळे दोन लाख, तिच्या घरच्यांना देऊन मिटवायला, ते माझ्याकडून येणार नाहीत. आणि लग्न लावून मोकळं होऊया म्हणताय, म्हणजे शिमग्याला जे चालत नव्हतं ते एफआयआर झाल्यावर चालतंय. तिला कुणी विचारलंय का? आप्पांच्या मोतीबिंदूचे वेगळे पाठवलेत, त्याला हात लावू नका, यावेळी ऑपरेशन पुढे ढकललंत तर मी खरंच भांडेन. मी यायला हवं होतं, गणपतीला पण नाही आले, सुट्ट्या ज्यूरीत नाही गेल्या, त्या आधीच संपवल्या होत्या, खोटं कशाला सांगू.

धाकटीचं स्थळ या प्रकरणामुळे मोडलं हे वहिनीकडून कळलं, तुम्ही लपवलंत. तुळशीचं लग्न झालं की दुसरं बघाल म्हणताय, बघा, पण आधी तिला विचारा.

आणि माझं. आई, तू दर रविवारी विचारतेस आणि मी दर रविवारी नाइट ड्युटी सांगते. आमच्याच वॉर्डात आहे तो, केरळचा, कोट्टयमचा. आडनाव वगैरे फोनवर सांगेन, आप्पा जेवल्यानंतर. मी त्याला हो म्हटलंय. मासे तो आपल्यापेक्षा तिखट करतो.

आज्जीला सांग नारळ फेडून टाक, माझी शिक्षा संपली. कुळथाचं पीठ पाठवलंत तर डबल पिशवीत बांधा, मागच्या वेळी फुटून सगळ्या कपड्यांना वास लागला होता, पण धुतले नाहीत मी आठवडाभर.

तुमचीच,
बाय