अकरा विजयांबरोबर दोन पराभवही सांगा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) सांगोल्याचे माजी आमदार गणपतराव ऊर्फ आबासाहेब देशमुख यांचे ३० जुलै २०२१ रोजी वयाच्या ९४व्या वर्षी निधन झाले. तेव्हापासून दरवर्षी स्मृतिदिन जवळ आला की त्यांच्याविषयी वृत्तपत्रांत आदराने लिहिले जाते आणि आमच्या तालुक्यातील माणसांना ते वाचून बरे वाटते. मात्र या लेखांत दोन विधाने हमखास असतात. एक म्हणजे ते ‘सलग अकरा वेळा’ निवडून आले आणि दुसरे म्हणजे हा देशातील विक्रम आहे. ही दोन्ही विधाने चुकीची आहेत. त्यांच्याविषयी मनात अपार आदर असलेला एक सेवानिवृत्त शिक्षक या नात्याने ही चूक दुरुस्त व्हावी, असे मला कळकळीने वाटते, कारण तिच्यामुळे आबासाहेबांच्या कारकिर्दीतील सर्वांत शिकण्यासारखा भाग झाकला जातो.

आधी विक्रमाचे पाहू. तमिळनाडूचे एम. करुणानिधी १३ वेळा विधानसभेवर निवडून आले. केरळचे के. एम. मणी हेही १३ वेळा निवडून आले आणि तेसुद्धा पाला या एकाच मतदारसंघातून. त्याच राज्याचे ओमन चंडी १९७० पासून पुथुपल्लीतून १२ वेळा जिंकले आणि मध्ये एकदाही हरले नाहीत. २००९ मध्ये आबासाहेब दहाव्यांदा आणि २०१४ मध्ये अकराव्यांदा निवडून आले, तेव्हा महाराष्ट्रात त्यांच्या जवळपास कोणी नव्हते हे खरे आहे. आपल्या राज्यापुरते एवढे सांगितले तरी ते पुरेसे मोठे आहे. त्याला देशाच्या विक्रमाची झालर लावण्याची गरज नाही.

‘सलग’ या शब्दाला माझा आक्षेप अधिक गंभीर आहे. १९६२ ते २०१४ या काळात आबासाहेबांनी सांगोल्यातून विधानसभेच्या तेरा लढती दिल्या. १९६२ आणि १९६७ मध्ये ते जिंकले, १९७२ मध्ये हरले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत पुन्हा जिंकले, त्यानंतर १९७८, १९८०, १९८५ आणि १९९० अशा चार निवडणुका ओळीने जिंकून १९९५ मध्ये पुन्हा हरले आणि १९९९, २००४, २००९ व २०१४ मध्ये परत निवडून आले. तेरापैकी अकरा विजय आणि दोन पराभव असा हा सरळ हिशेब आहे. ते दोन पराभव वगळले तर उरलेल्या अकरा विजयांचा अर्थ लागत नाही, असे माझे मत आहे.

१९७२ चा पराभव पाहा. दहा वर्षे आमदार राहिलेल्या, व्यवसायाने वकील असलेल्या या माणसाला काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील यांनी हरवले. ते वर्ष राज्यात काँग्रेसच्या लाटेचे होते आणि त्याच वर्षी महाराष्ट्रावर तो भीषण दुष्काळ कोसळला, ज्याच्या आठवणी आमच्या घरांत अजून मिलोच्या (परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या) भाकरीसह निघतात. माझ्या पिढीने त्या वेळी आपल्या आई-वडिलांना खडी फोडताना पाहिले आहे. साळुंखे-पाटील यांच्या निधनानंतर १९७४ मध्ये पोटनिवडणूक झाली आणि लोकांनी आबासाहेबांना पुन्हा निवडून दिले. दोनच वर्षांपूर्वी नाकारलेल्या उमेदवाराला तोच मतदार, त्याच लाल बावट्याखाली, परत पाठवतो, ही गोष्ट माझ्या लेखी कोणत्याही विक्रमाहून मोठी आहे.

१९९५ चा पराभव तर १९२ मतांचा. तेव्हा मतदान कागदी मतपत्रिकेवर होत असे. एकशे ब्याण्णव मते म्हणजे एखाद्या वाडीची मते. त्या निवडणुकीत राज्यभर काँग्रेसची पीछेहाट होऊन तिच्या जागा ८० वर आल्या आणि शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले, पण सांगोल्यात मात्र काँग्रेसचे शहाजीबापू पाटील निवडून आले. सांगोल्याचे राजकारण राज्याच्या वाऱ्याने चालत नाही, हे त्यातून जसे दिसते तसेच ते २०१४ मध्येही दिसले. त्या वर्षी चारही मोठे पक्ष वेगवेगळे लढत होते आणि देशात मोदी लाटेची चर्चा होती, तरी नव्वदीकडे झुकलेले आबासाहेब सुमारे २५ हजारांच्या फरकाने विजयी झाले. त्यांच्या समोर होते तेच शहाजीबापू, आता शिवसेनेकडून.

१९९५ ते १९९९ ही आबासाहेबांची सभागृहाबाहेरची वर्षे मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये आटपाडीला पाणी परिषद सुरू झाली होती आणि कृष्णा खोऱ्यातील तेरा दुष्काळी तालुक्यांची माणसे तिथे एकत्र येत होती. कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले होते, त्याच्या वापरासाठी मे २००० ची मुदत समोर दिसत होती आणि आमच्यासारख्या माणदेशातल्या तालुक्यांपर्यंत त्यातला थेंबही पोहोचला नव्हता. कऱ्हाडजवळच्या टेंभूला नदीतून पाणी उचलून ते टप्प्याटप्प्याने चढवत आणायचे, हा विचार तेव्हा अनेकांना स्वप्नरंजन वाटत असे. पाणी परिषदेच्या व्यासपीठावर आबासाहेब आमदार असताना जसे होते तसेच आमदार नसतानाही होते. आज टेंभू, म्हैसाळ आणि नीरा उजवा कालवा यांचे पाणी तालुक्याच्या वेगवेगळ्या भागांत कमी-अधिक प्रमाणात येते. ते सगळीकडे पोहोचलेले नाही, वेळेवर येत नाही, टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला अजून आवर्तनासाठी हेलपाटे घालावे लागतात. परंतु जे आले, त्याच्यामागे एका निवडणुकीची पुण्याई नाही, तीस-चाळीस वर्षांचा पाठपुरावा आहे आणि त्यात इतर पक्षांच्या अनेकांचाही वाटा आहे, हे आम्ही तालुक्यातली माणसे जाणतो.

मंत्रिपदाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, आणि माझ्या दृष्टीने हेच लक्षात घेण्याजोगे आहे. जवळजवळ पन्नास वर्षांच्या आमदारकीत ते दोनदाच मंत्री झाले: १९७८ मध्ये शरद पवार यांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) मंत्रिमंडळात आणि १९९९ मध्ये विलासराव देशमुख यांच्या आघाडी सरकारात. त्या दुसऱ्या वेळी त्यांच्याकडे पणन आणि रोजगार हमी ही खाती होती. २००२ मध्ये शेतकरी कामगार पक्ष आघाडी सरकारपासून दूर झाला. १९७७-७८ मध्ये काही महिने ते विरोधी पक्षनेतेही होते. उरलेला सगळा काळ ते विरोधी बाकांवर बसले. ‘सत्तेत असल्याशिवाय मतदारसंघाची कामे होत नाहीत’ हे वाक्य अलीकडे इतक्या वेळा आणि इतक्या सहजपणे उच्चारले जाते की नव्या मतदाराला तो निसर्गनियम वाटू लागला आहे. ज्यांना तो तसा वाटतो त्यांनी सांगोल्याचा इतिहास जरूर पाहावा. कापसाचा पट्टा नसलेल्या या तालुक्यात शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी राहिली आणि राज्यात अनेक गिरण्या बंद पडत असताना ती चालत राहिली, तीही बहुतांश विरोधी पक्षात राहिलेल्या आमदाराच्या नेतृत्वाखाली.

एसटीने प्रवास करणारा आणि मुंबईत आमदार निवासातील खोलीत राहणारा आमदार अशी त्यांची प्रतिमा सर्वांना ठाऊक आहे. ती खरीही आहे. पण केवळ साधेपणाचे कौतुक करून थांबले की त्यांचे राजकारण बाजूला पडते. ते एका विचाराच्या पक्षाचे कार्यकर्ते होते आणि तो पक्ष त्यांच्या डोळ्यांसमोर आक्रसत गेला. १९७८ मध्ये शेकापचे १३ आमदार निवडून आले होते. २०१४ मध्ये ही संख्या तीनवर आली: सांगोला, अलिबाग आणि पेण. त्या काळात पक्ष बदलण्याची किती निमंत्रणे आली असतील आणि बदलण्याची किती सबळ कारणे सांगता आली असती, याची कल्पना कोणीही करू शकतो. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ मध्ये आला. त्याच्या आधीही आणि नंतरही त्यांच्या बाबतीत त्या कायद्याची कधी गरज भासली नाही. २०२२ आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रातील दोन पक्ष फुटले, चिन्हांचे दावे निवडणूक आयोगापुढे आणि सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि आपण कोणत्या पक्षाला मत दिले होते हेच मतदाराला कळेनासे झाले. त्या दिवसांत आमच्या गावच्या पारावर आबासाहेबांचे नाव रोज निघत असे.

त्यांच्यानंतरच्या दोन निवडणुकांचाही उल्लेख करायला हवा. २०१९ मध्ये वयोमानामुळे त्यांनी उमेदवारी घेतली नाही. त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले आणि शहाजीबापूंकडून ७६८ मतांनी हरले. २०२४ मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख शेकापकडूनच उभे राहिले आणि सुमारे २५ हजारांच्या फरकाने जिंकले; राज्यात शेकापची निवडून आलेली ती एकमेव जागा. या विजयाकडे काही जण ‘आबांचा वारसा’ म्हणून पाहतात. मला हा शब्द पटत नाही. वारशाने शेतजमीन मिळते, मतदारसंघ मिळत नाही. तसा मिळत असता तर २०१९ चा निकाल लागलाच नसता. आमच्या मतदाराने १९७२ मध्ये, १९९५ मध्ये आणि २०१९ मध्ये देशमुखांना घरी बसवले आहे आणि त्यामुळेच त्याने दिलेल्या बाकीच्या निकालांना किंमत आहे. विद्यमान आमदारांकडेही त्याने त्याच नजरेने पाहावे, अशी माझी इच्छा आहे.

आता आपल्याकडे माझी विनंती. पहिली, स्मृतिदिनाच्या लेखांत ‘सलग’ हा शब्द टाळावा आणि १९७२ व १९९५ या दोन वर्षांना जागा द्यावी. दुसरी विनंती थोडी कष्टाची आहे. विधानसभेच्या कामकाजाची छापील इतिवृत्ते उपलब्ध असतात. त्यांत १९६२ पासून सांगोल्याच्या या आमदाराने दुष्काळ, रोजगार हमी, शेतीपंपाची वीज आणि कृष्णेचे पाणी या विषयांवर काय विचारले, सरकारने काय उत्तर दिले आणि त्यातले पुढे किती घडले, हे आपल्या प्रतिनिधींनी शोधून क्रमशः छापावे. आमच्या तालुक्यातील महाविद्यालयीन मुलांना २०२२ मध्ये गुवाहाटीहून आलेला शहाजीबापूंचा एक फोन तोंडपाठ आहे. पण त्यांच्याच तालुक्यातून पन्नास वर्षे सभागृहात काय बोलले गेले, हे त्यांना कोणी दाखवलेले नाही. हा मुलांचा दोष नाही.

आणि शक्य झाल्यास पुढील विधानसभा निवडणुकीत उमेदवारांची ओळख करून देताना जातीची गणिते आणि मालमत्तेचे आकडे यांबरोबर, जे आधी आमदार राहिले आहेत त्यांनी सभागृहात किती दिवस हजेरी लावली आणि कोणते प्रश्न मांडले, याचाही तक्ता द्यावा. सुरुवात सोलापूर जिल्ह्यातील मतदारसंघांपासून केली तरी चालेल. जुनी इतिवृत्ते चाळण्याच्या कामात मनुष्यबळाची अडचण असेल, तर माझ्यासारखे काही निवृत्त शिक्षक त्यासाठी विनामोबदला वेळ देण्यास तयार आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त शिक्षक,
सांगोला, जि. सोलापूर